अमरावती ते अनसिंग, घरी भरलेल्या गॅसच्या भरवशावर

या पोस्टमध्ये एकही फोटो नाही, हे आधीच सांगून टाकते. रस्ता, थांबे, खर्च नेहमीसारखं सगळं लिहीन, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी मे महिन्यात आजारी माणसाला गाडीत घालून वऱ्हाडात निघणारच आहे. त्याच्या कामाला आलं तर आलं.

अनसिंगला फिरायला कोणी जात नाही. वाशिमच्या पुढे पुसदच्या अंगाला असलेलं मोठं गाव, सोयाबीन-तुरीची शेती, आठवडी बाजार, संपलं. माझं माहेर आहे म्हणून मी जाते. या वेळी मात्र नुसतं जायचं नव्हतं, न्यायचं होतं. माझा धाकटा भाऊ प्रशांत गेल्या वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून मानेवर पडला. खांद्याच्या खालचं शरीर गेलं. उजवा हात थोडा हलतो, तेवढाच. सात महिने तो इथं अमरावतीला, माझ्या घरापासून दोन चौक पुढच्या एका केंद्रात व्यायामासाठी राहिला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता इथं ठेवून आणखी फायदा नाही, घरी न्या.

जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट दोनदा सांगितली. मानेतून मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला खांद्याखाली घाम येत नाही. बाहेर ऊन असेल तर त्याचं अंग तापतच जातं, आपलं आपण थंड होत नाही. गाडीत एसी हवाच, नाही तर अंगावर पाणी मारत राहायचं. तासाभराचा खेळ असतो, म्हणाले.

रुग्णवाहिका करा असंही ते म्हणाले होते. प्रशांत ऐकेना. "आडवा पडून गावात नाई जात मी," असं त्याचं एकच पालुपद. "बसून जाईन. तुह्या गाडीत, तुह्या बाजूले." हातपाय गेले तरी त्याचं तोंड जोरात होतं. केंद्रातल्या नर्सपासून डबेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचा, माझी तर रोज. आमच्या घरात बोलणारा तोच. मी लिहिते, तो बोलतो, असं आई पाहुण्यांना सांगायची.

आता गाडीचं. माझी गाडी सात वर्षांची, साधी, छोटी. एप्रिलपासून एसी नीट गार करत नव्हता. तो दुरुस्त करायला मी दुकानात का गेले नाही, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर ठाऊक असेल, आमच्याकडे कूलर कोणी दुकानात नेत नाही. होळी झाली की माळ्यावरून कूलर निघतो, ताट्यांतला जुना वाळा काढायचा, नवा भरायचा, पंप साफ करायचा, मोटरला तेलाचे दोन थेंब, झालं. आमच्या घरी हे काम माझं होतं. प्रशांत लहान होता आणि वडिलांना विजेची भीती वाटायची. त्यामुळे डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती की गार हवेचं यंत्र म्हणजे दर उन्हाळ्यात काहीतरी बदलायचं, काहीतरी भरायचं. कूलरला वाळा, तसा एसीला गॅस. आमच्याकडे नव्वद टक्के लोक असंच म्हणतात, "गॅस संपला असेल, भरून घ्या." शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, पण मलाही कधी प्रश्न पडला नाही की बंद नळीतला गॅस संपतो कसा.

दुसरं कारण जास्त खरं आहे. गॅरेजमध्ये गेलं की तिथला माणूस माझ्याशी बोलतच नाही. साहेबांना पाठवा म्हणतो. साहेब नाहीत म्हटलं की भाव वाढतो. दोन वर्षांपूर्वी एकानं मला चांगली बॅटरी बदलायला लावली, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं होतं. ठरवलं, आपला हात जगन्नाथ.

सुरुवात मी बरोबर केली, हे आजही म्हणते. समोरच्या कप्प्यामागचा हवेचा फिल्टर काढला. त्यात धूळ, निंबाचा पाला, एक मेलेली पाल. बदलला. समोरच्या जाळीवर बागेच्या पाईपनं हळू धार सोडून माती धुतली. एसी लावून पुढचा पंखा फिरतो का ते पाहिलं. एवढं प्रत्येकानं घरी करावं, अर्ध्या लोकांचा एसी एवढ्यावरच सुधारतो.

माझा सुधारला नाही. मग मी ऑनलाइन गॅसचा डबा मागवला. सोबत नळी आणि दाब दाखवणारं एक छोटं घड्याळ, गळती आपोआप बंद करणारं रसायन डब्यातच. हजाराच्या आत. व्हिडिओ पाहत पाहत अंगणात भरला. काटा हिरव्या पट्ट्यात आला आणि झरोक्यातून अशी गार हवा आली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा कमी झाली. दुसरा डबा भरला. पुन्हा गार. प्रशांतला केंद्रात जाऊन फुशारकीनं सांगितलं. तो म्हणाला, ताई, आता विमान दुरुस्त कर.

निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला. अमरावतीहून पाचला निघालं की कारंजा, मंगरूळपीर, वाशिम करत नऊच्या आत अनसिंग येतं. पण केंद्रातले कागद व्हायला अकरा वाजले. त्या दिवशी पारा चव्वेचाळीसच्या वर होता. उद्या पहाटे निघू असं मनात आलं होतं. पण तिकडे आईनं गल्ली गोळा करून ठेवली होती, पाटवड्याची भाजी केली होती, दर अर्ध्या तासाला फोन. आणि एसी तर चालू होता. बर्फाचा डबा आणि पाण्याचा मोठा कॅन मी काढून घरीच ठेवला, कारण चाकाची खुर्ची मागे मावेना. पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. दोन.

अमरावती सोडल्यावर रस्ता चांगला आहे. प्रशांत पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे केलेली, छातीला पट्टा, दोन्ही बाजूंना उशा. सात महिन्यांनी उघडं रान पाहत होता आणि तोंड बंद नव्हतं. कोणाच्या शेतात नांगरट झाली, कोणाच्या नाही, कोणता सरपंच कसा चालतो. धनजच्या फाट्यावर थांबून लिंबू सरबत घेतलं. टपरीवाल्यानं प्रशांतला नळी लावून दिली आणि पैसे घ्यायला तयार होईना, शेवटी मी वीस रुपये बरणीखाली ठेवले. तिथंच पहिल्यांदा ऐकलं. इंजिन चालू होतं, एसी चालू होता, आणि बॉनेटखालून खरखर येत होती. मी एसी बंद केला, आवाज थांबला. चालू केला, पुन्हा आला.

कारंजाला गावात शिरायच्या आधी रस्त्यालगत गाड्यांच्या दुकानांची रांग आहे. तिथं एसीचा बोर्ड पाहून थांबले. रफिकभाई नावाचे पन्नाशीचे मिस्त्री. बॉनेट उघडलं, कान लावला, मग दोन घड्याळांचं मीटर जोडलं. माझ्याकडे एक घड्याळ होतं, एका बाजूचं. दुसऱ्या बाजूचा काटा पार टोकाला गेला होता, आणि तो मला घरी दिसणारच नव्हता. गॅस कोणी भरला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते मान हलवून बॉनेटवरून उठले, खिडकीपाशी गेले आणि प्रशांतशी बोलू लागले. माझ्याशी नाही.

"दादा, ताईले समजावा. कंप्रेसर कोरडा चालून राह्यला. जाम झाला का पट्टा तुटीन, आन् पट्टा तुटला का गाडी जागेवर उभी. एसी लावू नका, आन् या उन्हात पुढं जाऊ नका."

कंप्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. नवा अकोल्याहून यायला दुसरा दिवस लागला असता. त्यांचं म्हणणं होतं की एसीची वायर काढून देतो, ऊन उतरल्यावर खिडक्या उघड्या ठेवून जा. शेजारच्या ऑइलच्या दुकानातले जैन काका हे सगळं ऐकत उभे होते. त्यांनी आपणहून सांगितलं की जवळच धर्मशाळा आहे, खालच्या मजल्यावर खोली आहे, कूलर आहे, खुर्ची आत जाते, मी शब्द टाकतो. आणखी काय हवं होतं माणसाला?

प्रशांत म्हणाला, "थांबू न ताई. सांजच्यापारी जाऊ. मले आताच गरम लागून राह्यलं."

मी थांबले नाही.

तेव्हा मला काय वाटत होतं ते जसंच्या तसं लिहिते. गाडी माझी, चालवते मी, दुरुस्त केली मी, आणि हा माणूस बोलतो कोणाशी, तर ज्याला बोटही हलवता येत नाही अशा पुरुषाशी. आणि तोही त्यालाच हो म्हणतो. माझ्या अंगाची लाही झाली. मला वाटलं, कंप्रेसर विकायचा धंदा आहे हा. मी मीटर काढायला लावलं, किती झाले विचारलं, ते म्हणाले बघण्याचे काही नाही, आणि मी गाडी काढली. प्रशांतनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मी एसी लावला. हवा गार येत होती, आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

मंगरूळपीरला थांबायचं कारणच नव्हतं, थांबले नाही. तिथून वाशिमचा रस्ता रुंद झाला आहे, गाडी पळते, पण रुंद करताना कडेची झाडं गेली ती गेली. सव्वादोनच्या सुमारास बॉनेटखालून किंकाळीसारखा आवाज आला, जळक्या रबराचा वास आला, समोर लाल दिवे लागले आणि स्टिअरिंग दगड झालं. माझ्या गाडीत एसी, बॅटरीचं चार्जिंग आणि इंजिनला थंड ठेवणारा पाण्याचा पंप हे सगळं एकाच पट्ट्यावर आहे. तो तुटला होता. कडेला घेईपर्यंत गरमीचा काटा लाल रेषेवर गेला. गाडी उभी.

सावली नाही. गाडीच्या आत दहा मिनिटांत श्वास घेववेना. प्रशांतला एकटीनं बाहेर काढता येत नव्हतं. दारं उघडली, ओढणी त्याच्या डोक्यावर धरली, एक बाटली डोक्यावर ओतली. दुसरी अर्धी पाजली, उरलेली छातीवर. संपलं पाणी. रुग्णवाहिकेला फोन केला, निघतो म्हणाले. सुरुवातीला प्रशांत माझीच समजूत काढत होता, घाबरू नको, होते असं. मग त्याचे शब्द एकमेकांत अडकू लागले. कपाळ भिजलेलं आणि गळ्याखाली अंग कोरडं, हात ठेवला तर चटका बसावा असं. मग तो कोणत्या तरी ट्रॅक्टरबद्दल बोलायला लागला, मला आत्या म्हणाला, आणि मग बोलायचं थांबला. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

कांद्याचं पिकअप थांबलं. किन्हीराजाचे नवरा-बायको होते, माल टाकून रिकामे चालले होते. त्या बाईंनी काही विचारलं नाही. पाण्याच्या कॅनमध्ये बारदान बुचकळलं, नवऱ्यानं आणि मी प्रशांतला उचललं, मागे बारदानावर ठेवलं आणि वरून ओलं बारदान टाकलं. चालत्या गाडीत वारा लागतो, ओलं ठेवा, म्हणाल्या. वाशिमपर्यंत त्या त्याच्यावर पाणी शिंपडत होत्या आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला हाका मारत होते. या दोघांची नावं मी विचारली नाहीत. अजून लाज वाटते.

वाशिमच्या दवाखान्यात ताप एकशे सहाच्या वर निघाला. बर्फ लावला, नळ्या लावल्या, दोनदा झटके आले. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचला. सहाव्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला आणि आई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. सगळे आवाज होते पण शब्द नव्हते, दारू प्यायलेल्या माणसासारखं जड आणि लांबलेलं. उष्माघातानं मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली आहे, असं सांगितलं. समजतं त्याला सगळं. बोलणं थोडं सुधारेल, पूर्ववत होईल असं म्हणता येणार नाही.

पहिल्याच संध्याकाळी आई अनसिंगहून धावत आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा दंड धरून तिनं विचारलं, इतक्या उन्हाचे काहून निघाले तुमी?

मी म्हणाले, "त्यालेच घाई झाली होती, आई. ऐकेचना."

तोंडातून गेलं. तेव्हा तो वाचेल असं वाटत नव्हतं. रफिकभाईंचं, धर्मशाळेचं, जैन काकांचं मी कोणालाच काही सांगितलं नाही.

गाडी ओढून वाशिमच्या एका दुकानात नेली. तिथल्या मिस्त्र्यानं कंप्रेसर उघडून दाखवला. तेलात चांदीसारखा चुरा होता आणि गळती बंद करणारं ते रसायन नळ्यांत डिंकासारखं बसलं होतं. त्यानं सांगितलं ते असं. गॅस संपत नाही, गळतो. गळताना सोबत तेल घेऊन जातो. डब्यातून तुम्ही गॅस भरला, पण आधी आतली हवा काढली नाही, गेलेलं तेल भरलं नाही, मोजून भरलं नाही. त्यामुळे हवा गार आली आणि पंप आतून झिजत गेला. मूळ गळती एका नळीच्या रबरी कडीतून होती. सुरुवातीला आणली असती तर कडी आणि मोजून गॅस, दोन हजारांत काम होतं. आता कंप्रेसर, नळ्या, जाळी, पट्टा, आणखी ढीगभर कामं, तीस हजारांच्या पुढे. मी मुकाट्यानं दिले.

दहाव्या दिवशी प्रशांतला रुग्णवाहिकेतून, आडवा, अनसिंगला नेलं. गल्लीतले लोक आले, बघून गेले. मी आठ दिवस राहिले. खोलीत कूलर लावला, वाळा भरला, हे काम मला येतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई त्याला खिमटी भरवत होती आणि माया आणि राग एकत्र येतो तशी बोलत होती. "कायले घाई केली रे बापा? एक दिस थांबला असता तं काय झालं असतं?"

त्यानं तोंडातला घास बाजूला केला आणि बोलायला लागला. मोठ्यानं, डोळे फाडून, मानेच्या शिरा ताणून. आई म्हणाली, पाणी पायजे काय, आणि पेला लावला. त्यानं तोंड फिरवलं, पाणी गळ्यावर सांडलं. तो पुन्हा बोलला. आईनं पदरानं पुसलं आणि पंखा वाढवला. मी दारात चादरीच्या घड्या घालत उभी होते. मला कळलं होतं तो काय म्हणत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घडी घातली आणि चादर फळीवर ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं परतले. गाडी तयार होती, पण हातात चाव्या घ्याव्याशा वाटल्या नाहीत. अनसिंग ते वाशिम, वाशिम ते अमरावती, बायकांना अर्धं तिकीट, खिडकी मिळाली तर गरम वारा तोंडावर घेत पाच तास. कारंजाला बस थांबली तेव्हा मी रस्त्याच्या बाजूला पाहिलं नाही.

घरी येऊन महिना झाला. मागच्या पोस्टमध्ये मी गॅसच्या डब्याचं कौतुक केलं होतं, त्यावर अजून लोक विचारतात की ताई, कोणता मागवला, लिंक द्या. ती पोस्ट काढून टाकली आहे. उत्तर इथं देते. फिल्टर घरी बदला. जाळी घरी धुवा. पंखा फिरतो का, पट्टा चिरला आहे का, नळीच्या जोडावर तेलाचा डाग आहे का, ते घरी पाहा. गॅसला हात लावू नका. दोन घड्याळं लावणारा, आतली हवा काढणारा, गॅस तोलून भरणारा माणूस शोधा. तो तुमच्याशी नीट बोलला नाही तर राग येऊ द्या, भांडा, दुकान बदला, पण तो काय सांगतो ते ऐका. आणि गाडीत बसलेला माणूस गरम होतंय म्हणाला तर थांबा. त्याचं अंग तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

हे सगळं मी गेले चार दिवस लिहीत होते, आणि व्हरांड्यातलं वाक्य रोज खोडत होते. आज सकाळी आईला फोन केला. म्हटलं, प्रशांतनं घाई केली नव्हती. तो थांब म्हणाला होता, दोघं-तिघं थांबा म्हणाले होते, खोलीही मिळत होती. मीच निघाले. दवाखान्यात तुला खोटं बोलले, आणि मी निघायच्या आदल्या दिवशी तो तेच सांगत होता तेव्हाही गप्प बसले.

फोन आईनं बहुतेक त्याच्या उशाशी ठेवला होता, कारण कूलरचा आवाज येत होता आणि मग प्रशांतचा यायला लागला. तो बोलत होता. सावकाश, थांबत थांबत, बराच वेळ. मी म्हटलं, पुन्हा सांग रे. त्यानं पुन्हा सांगितलं. मी कान दाबून धरला, श्वास रोखला, आणि मला एक शब्दही कळला नाही.